मोबाइलवरून मेल जात नाहीये? आधी तो कुठे अडकलाय ते शोधा



जुलै २०१८ चा तो आठवडा वसई-विरारकरांना वेगळा सांगायला नको. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी, लोकल बंद, आणि आमच्या एव्हरशाईन सिटीत घरात लाईट नाही. मी नुकताच इंजिनीअरिंग संपवून नोकरी शोधत होतो. त्यातच एका कंपनीचा मेल आला: मुलाखतीला यायचं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत रिझ्युमे आणि मार्कशीट पाठवा.

फोनमध्ये १८ टक्के बॅटरी होती. बॅटरी सेव्हर लावला, मेल लिहिला, मार्कशीटचे फोटो जोडले, सेंड दाबलं आणि फोन बाजूला ठेवला. काम झालं, असं समजून निवांत झोपलो.

दोन दिवसांनी लाईट आली. फोन नीट चार्ज करून मेल उघडला, तर माझा मेल आउटबॉक्समध्ये पडलेला आणि त्याखाली बारीक अक्षरात एकच शब्द, ‘क्यूड’. म्हणजे रांगेत. कंपनीला फोन केला, तर तारीख उलटून गेली होती. त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी बोलावलं होतं. फोनने मला एकदाही एरर दाखवला नव्हता, याचाच जास्त राग आला.

आज सॉफ्टवेअर इंजिनीअर म्हणून काम करताना कळतं, की फोन खोटं बोलत नव्हता. ‘सेंड’ दाबणं आणि मेल जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत नव्हतं. सोसायटीतली मुलं अजूनही हाच प्रश्न घेऊन येतात: इंटर्नशिपचा फॉर्म जात नाही, प्रोजेक्टची फाइल जात नाही, सर म्हणतात मेल मिळाला नाही. बहुतेकांनी तोवर फोन रीस्टार्ट करून, अ‍ॅप काढून पुन्हा टाकून झालेलं असतं. म्हणून आज आपण पाहणार आहोत, मेल नेमका कुठे अडकतो आणि त्या त्या ठिकाणी काय करायचं.

मेल कसा जातो?

समजा तुम्हाला एव्हरशाईन सिटीतून चर्चगेटच्या एका ऑफिसात पाकीट द्यायचंय. आधी शेअर रिक्षाने वसई रोड स्टेशन. मग लोकलने चर्चगेट. मग ऑफिसच्या रिसेप्शनवर पाकीट द्यायचं आणि तिथून ते साहेबांच्या टेबलावर जाणार.

मेलचंही असंच आहे.

टप्पा १: तुमच्या फोनपासून तुमच्या मेल कंपनीच्या सर्व्हरपर्यंत. ही झाली रिक्षा.

टप्पा २: तुमच्या सर्व्हरपासून समोरच्याच्या सर्व्हरपर्यंत. ही लोकल. इथे सर्व्हर एकमेकांशी एसएमटीपी नावाच्या भाषेत बोलतात. तिचे नियम १९८२ साली लिहिले गेले आणि सुधारणा होत होत आजही तीच चालते.

टप्पा ३: समोरच्याच्या सर्व्हरपासून त्याच्या इनबॉक्सपर्यंत. हे रिसेप्शन. इथेच मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो.

रिक्षाच मिळाली नसेल तर लोकलचं टाइमटेबल बघून उपयोग नाही. तसंच मेल फोनमध्येच अडकला असेल तर समोरच्याला “स्पॅम चेक करा” सांगण्यात अर्थ नाही.

पहिलं काम: ३० सेकंदांची तपासणी

जीमेल अ‍ॅपमध्ये डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर टॅप करा आणि हे फोल्डर बघा.

१. आउटबॉक्स: मेल इथे असेल तर तो फोनमधून निघालेलाच नाही. टप्पा १ बघा.

२. ड्राफ्ट्स किंवा शेड्यूल्ड: सेंड दाबलंच गेलं नाही, किंवा चुकून पुढची वेळ लावली गेली.

३. सेंट: मेल सर्व्हरपर्यंत पोचलाय. मग इनबॉक्समध्ये ‘मेलर-डीमन’ किंवा ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टिम’ या नावाने उत्तर आलंय का बघा. आलं असेल तर टप्पा २, नसेल तर टप्पा ३.

खात्री हवी असेल तर लॅपटॉपवर किंवा दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये आपलं जीमेल उघडा. आउटबॉक्स तुमच्या फोनच्या आत असतो, तो तिथे दिसणार नाही. तिथल्या सेंटमध्ये मेल दिसला, तर रिक्षा स्टेशनला पोचली.

थांबा, हे आधी वाचा

मेल आउटबॉक्समध्ये असेल तर अ‍ॅप अनइन्स्टॉल करू नका आणि सेटिंग्जमध्ये जाऊन ‘क्लिअर स्टोरेज’ किंवा ‘क्लिअर डेटा’ दाबू नका. तो मेल जगात फक्त तुमच्या फोनमध्येच आहे. डेटा पुसला की तोही गेला. ‘क्लिअर कॅश’ चालेल. त्याहून बरं म्हणजे, मेलमधला मजकूर आधी कॉपी करून नोट्समध्ये ठेवा.

दुसरी गोष्ट, मेल जात नाही म्हणून पुन्हा पुन्हा लिहून सेंड दाबू नका. नेट आल्यावर पाचही मेल एकदम जातात आणि समोरच्याला वाटतं, या मुलाला झालंय काय.

टप्पा १: मेल फोनमधून निघतच नाही

सर्वात जास्त गडबड इथेच होते. खालच्या गोष्टी याच क्रमाने करा.

१. नेट खरंच चालू आहे का? वर वायफायची खूण दिसते म्हणजे इंटरनेट आहे असं नाही. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर राउटर चालू राहतो, पण इमारतीतला केबलवाल्याचा बॉक्स बंद पडलेला असतो. अशा वेळी फोन वायफायला चिकटून बसतो. ब्राउझरमध्ये कधीही न उघडलेली एखादी वेबसाइट उघडून बघा. उघडत नसेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावा. कॉलेज किंवा कॅफेच्या वायफायवर आधी लॉगिन पेज येतं, ते भरल्याशिवाय काही जात नाही. लोकलमध्ये असाल तर नायगाव-भाईंदरच्या खाडीपुलावर मोठी फाइल पाठवायचा हट्ट सोडा, प्लॅटफॉर्मवर उतरून पाठवा.

२. बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर. माझा घात इथेच झाला. सेंड दाबल्यावर अ‍ॅप मेल रांगेत लावतं आणि मागच्या मागे पाठवायला घेतं. तुम्ही लगेच स्क्रीन बंद केली आणि बॅटरी सेव्हरने अ‍ॅपला मागे चालायची परवानगी दिली नाही, तर मेल रांगेतच राहतो. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, जीमेल असं जाऊन मोबाइल डेटामध्ये ‘बॅकग्राउंड डेटा’ चालू करा आणि बॅटरीमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. सॅमसंगमध्ये ‘स्लीपिंग अ‍ॅप्स’च्या यादीत जीमेल नाही ना ते बघा. शाओमीमध्ये बॅटरी सेव्हरला ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ करा. नावं मॉडेलनुसार थोडी बदलतात, गोष्ट तीच. आणि घाई असेल तर सोपा उपाय: मेल सेंटमध्ये दिसेपर्यंत अ‍ॅप उघडं ठेवा.

३. सिंक. जीमेल अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये आपल्या खात्यावर टॅप करा आणि खाली ‘सिंक जीमेल’ वर टिक आहे का बघा. डेटा वाचवायला कधीतरी आपणच ते बंद केलेलं असतं आणि विसरलेलो असतो.

४. अटॅचमेंटचा आकार. जीमेलमध्ये एका मेलला २५ एमबीपर्यंत अटॅचमेंट जाते. त्याहून मोठी फाइल असेल तर ती ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवावी लागते. पण यात एक मेख आहे. मेलची व्यवस्था मुळात फक्त मजकुरासाठी बनली होती. म्हणून फोटो किंवा पीडीएफ पाठवताना तिचं रूपांतर साध्या अक्षरांमध्ये केलं जातं. त्यात दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणजे १५ एमबीची फाइल वाटेत साधारण २० एमबीची होते. समोरच्या कॉलेजची किंवा ऑफिसची मर्यादा १० एमबी असेल तर ८ एमबीची फाइलही अडकू शकते.

आता हिशोब करा. आजच्या फोनचा एक फोटो सहज ४ एमबीचा. आठ मार्कशीटचे आठ फोटो म्हणजे ३२ एमबी. गुडघाभर पावसात, एका दांडीच्या नेटवर्कवर हे कसं जाणार? त्यापेक्षा गूगल ड्राइव्ह अ‍ॅपमधला ‘स्कॅन’ पर्याय वापरून आठही पानांची एकच पीडीएफ करा. फाइल बरीच लहान होते आणि वाचणाऱ्यालाही बरं पडतं. ड्राइव्हची लिंक पाठवत असाल तर शेअरिंगमध्ये ‘एनीवन विथ द लिंक’ करायला विसरू नका. नाहीतर समोरच्याला फक्त परवानगी मागायची पाटी दिसते. काम झाल्यावर ती परवानगी काढूनही टाका, मार्कशीट कायम उघडी ठेवायची गरज नाही.

५. गूगलचं स्टोरेज भरलंय का? फुकट मिळणारं १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असतं. १ जून २०२१ पासून फोटोजमध्ये नव्याने बॅकअप होणारे फोटो आणि व्हिडिओही यात मोजले जातात. त्याआधी ‘हाय क्वालिटी’चे फोटो मोजले जात नसत. त्यामुळे गावच्या लग्नाचे व्हिडिओ बॅकअप झाले आणि इकडे मेल बंद पडला, असं होतं. हे स्टोरेज भरलं की मेल जातही नाही आणि येतही नाही. अ‍ॅपमध्ये आपल्या प्रोफाइल फोटोवर टॅप करा, किती भरलंय ते दिसेल. तिथूनच मोठ्या फाइल शोधून काढता येतात. डिलीट केल्यावर ट्रॅशही रिकामा करा. ट्रॅशमधला मेल ३० दिवस पडून राहतो आणि तोवर जागा अडवतो.

६. तारीख आणि वेळ. फोन पूर्ण बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर कधी कधी तारीख चुकते. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना फोन त्याच्या प्रमाणपत्राची मुदत तपासतो. फोनच २०१५ सालात असेल तर त्याला ते प्रमाणपत्र चुकीचं वाटतं आणि जोडणी होत नाही. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ वर ठेवा. व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं अ‍ॅप चालू असेल तर तेही थोडा वेळ बंद करून बघा.

मेल येतात, पण जात नाहीत?

कॉलेजचं किंवा ऑफिसचं खातं फोनमध्ये जोडलं असेल तर हा प्रकार हमखास होतो. कारण मेल आणायचा रस्ता आणि पाठवायचा रस्ता वेगळे आहेत. आणायला आयमॅप, पाठवायला एसएमटीपी. दोघांचा सर्व्हर, पोर्ट आणि पासवर्ड वेगवेगळे भरलेले असू शकतात. एक बरोबर आणि दुसरा चुकीचा असेल तर येणारं नीट येतं आणि जाणारं अडकतं.

खात्याच्या सेटिंग्जमध्ये ‘आउटगोइंग सर्व्हर’ उघडा. आयफोनमध्ये मेलच्या सेटिंग्जमध्ये खातं निवडून ‘एसएमटीपी’ वर जा. तीन गोष्टी तपासा. पासवर्ड हल्ली बदलला असेल तर इथेही नवा भरलाय का? ‘रिक्वायर साइन-इन’ किंवा ऑथेंटिकेशन चालू आहे का? पोर्ट कोणता आहे? पोर्ट २५ असेल तर तो बदला. स्पॅम रोखण्यासाठी बऱ्याच नेटवर्कवर तो बंद असतो. ५८७ असेल तर सुरक्षेत ‘स्टार्ट-टीएलएस’ आणि ४६५ असेल तर ‘एसएसएल’ निवडा. यातलं नेमकं काय भरायचं ते तुमच्या कॉलेजच्या आयटी विभागाकडून घ्या.

जीमेलचं खातं दुसऱ्या एखाद्या मेल अ‍ॅपमध्ये टाकलं असेल तर आणखी एक गोष्ट. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या युजरनेम-पासवर्डवर बाहेरच्या अ‍ॅपला आत घेणं बंद केलं. पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही ‘चुकीचा पासवर्ड’ येतं ते यामुळे. ‘साइन इन विथ गूगल’ ने खातं पुन्हा जोडा. अ‍ॅप जुनं असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ‘अ‍ॅप पासवर्ड’ बनवा आणि तो वापरा.

टप्पा २: मेल गेला, पण परत आला

मेलर-डीमनचं उत्तर बघून घाबरून ते डिलीट करू नका. अडचण काय आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. इंग्रजी परिच्छेद सोडा, आधी तीन आकडी कोड शोधा.

कोड ४ ने सुरू होत असेल, उदाहरणार्थ ४५२, तर अडचण तात्पुरती आहे. तुमचा सर्व्हर स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. डेडलाइन लांब असेल तर वाट बघा.

कोड ५ ने सुरू होत असेल, उदाहरणार्थ ५५०, तर सर्व्हरने नाही म्हणून सांगितलंय. तोच मेल तसाच पुन्हा पाठवून काही होणार नाही, आधी काहीतरी बदलावं लागेल.

त्याच्यापुढे ठिपक्यांचा छोटा कोड असतो:

• ५.१.१: असा पत्ताच नाही. स्पेलिंग तपासा. कॉमच्या जागी कॉन, शेवटी कीबोर्डने टाकलेला जादा ठिपका, जाहिरातीच्या फोटोवरून उतरवताना एल आणि वन यातली गल्लत, या नेहमीच्या चुका. जीमेलच्या पत्त्यात नावामधला ठिपका मोजला जात नाही, पण कॉलेज-ऑफिसच्या पत्त्यात बहुधा मोजला जातो.

• ५.२.२ किंवा ४.२.२: समोरच्याचा मेलबॉक्स भरलाय. तुमच्या हातात फक्त त्याला फोन करणं आहे.

• ५.२.३ किंवा ५.३.४: मेल फार मोठा झालाय. फाइल लहान करा किंवा लिंक पाठवा.

• ५.७ ने सुरू होणारे: सुरक्षेच्या किंवा धोरणाच्या कारणाने नाकारला. अटॅचमेंट हे एक कारण असू शकतं. जीमेल एपीके किंवा ईएक्सई फाइल घेत नाही, झिपमध्ये घातली तरी नाही. तुमच्या अ‍ॅपच्या प्रोजेक्टची एपीके सरांना पाठवायची असेल तर ड्राइव्हवर टाका.

कॉलेजच्या फेस्टचं आमंत्रण सगळ्यांना पाठवताय? साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० लोकांपर्यंतच मेल जातात. मर्यादा ओलांडली की साधारण एक दिवस पाठवणंच बंद होतं. असलं काम डेडलाइनच्या दिवशी स्वतःच्या मुख्य खात्यावरून करू नका.

टप्पा ३: परतही आला नाही, पण समोरच्याला दिसत नाही

मेल सेंटमध्ये आहे, परत आलेला नाही, म्हणजे तो बहुधा समोरच्याच्या सर्व्हरवर आहे. आता त्यांना सांगा, स्पॅम आणि प्रमोशन्स बघा, आणि शोधपट्टीत तुमचा पत्ता टाकून बघा.

पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून विषयाची ओळ रिकामी सोडू नका. ‘इंटर्नशिप अर्ज, तुमचं नाव, कॉलेज’ एवढं तरी लिहा. मेलमध्ये चार ओळी मजकूर असू द्या. नुसती झिप फाइल किंवा नुसती लहान केलेली लिंक बघून फिल्टरला संशय येतो, आणि खरं सांगायचं तर माणसालाही येतो.

कधी कधी चूक आपली नसतेच

१४ डिसेंबर २०२० ला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास जीमेल, यूट्यूबसकट गूगलच्या बऱ्याच सेवा जगभर बंद पडल्या आणि पन्नासेक मिनिटं बंदच राहिल्या. त्यानंतर जीमेलमध्ये आणखी एक बिघाड झाला आणि काही तास चांगल्या, चालू पत्त्यांवरचे मेलही ‘५५०, ५.१.१, असा पत्ताच नाही’ म्हणून परत येत राहिले. म्हणजे वर दिलेला कोडसुद्धा त्या दिवशी चुकीचं सांगत होता.

म्हणून फोन उघडून बसण्याआधी शेजारच्या मित्राला एक टेस्ट मेल पाठवायला सांगा. त्याचाही जात नसेल तर दोष तुमच्या फोनचा नाही. गूगलच्या ‘वर्कस्पेस स्टेटस डॅशबोर्ड’ या पानावर सेवा चालू आहे की नाही ते दिसतं.

डेडलाइन असेल तर

“मी वेळेत सेंड दाबलं होतं” हे वाक्य फार उपयोगाचं नाही. आपल्याकडच्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम १३ असं सांगतं, की दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक संदेश ‘पाठवला’ असं तेव्हाच धरलं जातं, जेव्हा तो पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरतो. आउटबॉक्स तुमच्याच खिशात असतो. म्हणजे २०१८ मध्ये मी कंपनीशी वाद घातला असता तरी माझा मुद्दा लंगडाच होता.

म्हणून मी आता एवढं पाळतो:

• शेवटच्या तासात पाठवायचं नाही. निदान आदल्या संध्याकाळी.

• सगळ्याची मिळून एकच पीडीएफ, शक्यतो ५ एमबीच्या आत.

• बीसीसीमध्ये माझाच दुसरा, वेगळ्या कंपनीचा पत्ता. तिकडे मेल आला म्हणजे टप्पा १ नक्की पार झाला आणि लोकलही चालू आहे.

• सेंटमध्ये मेल दिसेपर्यंत अ‍ॅप बंद करायचं नाही. अटॅचमेंट तिथूनच उघडून बघायची.

• अगदीच अडलं तर घरच्या कोणाच्या फोनवर ब्राउझरच्या इन्कॉग्निटोमध्ये लॉगिन करून पाठवायचं आणि लॉगआउट करायचं. टू-स्टेपचा मेसेज आपल्या फोनवर येतो, म्हणून त्यात थोडी बॅटरी शिल्लक ठेवायची.

• महत्त्वाचं असेल तर एक फोन: “सर, मेल केलाय, मिळाला का?” यात लाजण्यासारखं काही नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच विंगमधली एक मुलगी रात्री साडेनऊला धावत आली. इंटर्नशिपचा अर्ज, शेवटची वेळ बारा. “दादा, मेल जातच नाहीये, अ‍ॅप काढून परत टाकू का?” म्हटलं, थांब, आधी आउटबॉक्स उघड. मेल तिथेच होता. अकरा फोटो, वर राउटरचा लाल दिवा. फोटोंची एक पीडीएफ केली, माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला, आणि दहा मिनिटांत मेल सेंटमध्ये. पुढे इंटर्नशिप मिळाली की नाही हा वेगळा विषय, पण अर्ज वेळेत पोचला.

तुमचा पुढचा महत्त्वाचा मेल जाईल तेव्हा सेंड दाबल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि सेंट फोल्डर उघडून बघा. मला ते अर्धं मिनिट २०१८ मध्ये कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.